जहाजं थांबायची तेव्हा

मिस व्हर्डेल मंगिन यांनी उभ्या आयुष्यात जहाजावर पाऊल ठेवलं नाही. अमेरिकेतल्या सव्हाना शहरात, नदीपासून दीड मैलावर त्या जन्मल्या, तिथेच वाढल्या आणि लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेल्या. आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही 'मिस'च म्हणतात. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना छपरांवरून बंदराच्या क्रेन दिसायच्या. पण कुणी विषय काढला की म्हणायच्या, "खाली काय आहे ते दिसत नाही, अशा जागी मी बसत नाही." आणि याच बाईंनी बावीस वर्षं खलाशांची ने-आण केली.

मी डोरीन. बंदराच्या फाटकाबाहेर चर्चवाल्यांनी खलाशांसाठी चालवलेलं एक केंद्र आहे, तिथे मी काउंटरवर बसते. केंद्र म्हणजे एक बैठी इमारत. आत कॉफीचं यंत्र, दोन सोफे, एक पूल टेबल आणि लोकांनी दान दिलेल्या स्वेटरांचं कपाट. बाहेर आमची पांढरी व्हॅन. जहाजावरून फोन आला की व्हॅन धक्क्यावर जाते, खलाशांना दुकानात नाहीतर आमच्याकडे आणते आणि वेळ झाली की परत जहाजाच्या जिन्यापाशी सोडते. ही व्हॅन मिस व्हर्डेल चालवायच्या. मी कामाला लागले तेव्हा त्यांना येऊन दोन वर्षं झाली होती. त्यामुळे पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे, उरलेलं त्यांनी सांगितलेलं.

त्यांच्या घरात सगळ्यांचं पोट नदीवरच भरलं. वडील धक्क्यावर राळेची पिंपं आणि कापसाच्या गासड्या ढकलायचे. सासऱ्यांनी साखरेची पोती वाहिली. नवरा होझिया सहासष्ट साली गोदी कामगारांच्या युनियन हॉलमधून कामाला लागला, तो कागदाची रिळं आणि चिनी मातीची पोती लावायचा. एक जहाज रिकामं व्हायला आठवडा लागे, आणि त्या एका जहाजावर आमच्या भागातली पन्नास घरं जेवत. मग लोखंडी पेट्या आल्या, कंटेनर. एक क्रेन, क्रेनमध्ये एक माणूस. होझिया घरी येऊन म्हणायचा, "आज दिवसभर माल उतरवला, पण कसला ते विचारू नकोस. पेटीला तोंडच नसतं."

बंदर मात्र वाढतच गेलं. शहराच्या पश्चिमेची पाइनची झाडं तुटली आणि तिथे गोदामं उभी राहिली, एकेक गोदाम आमच्या शाळेच्या मैदानाच्या दहापट. रस्त्यावर ट्रकांच्या रांगा. मालाची ये-जा वाढली तशी माणसांची कमी झाली. मिस व्हर्डेलच्या गल्लीत एकोणीस घरं होती. कुणी अटलांटाला मुलांकडे राहायला गेलं, कुणी गोदामवाल्यांना जागा देऊन टाकली. दोन हजार साली होझियाचं हृदय बंद पडलं तेव्हा गल्लीत सात घरं उरली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्या वर्षी मिस व्हर्डेल शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी रोज चारशे मुलांना जेवू घातलं होतं. नवरा गेल्यावर त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. चर्चमध्येही मागच्या बाकावर बसायच्या आणि शेवटची प्रार्थना संपण्याआधी निघून जायच्या. शेवटी पाळक घरी आले.

"मिस व्हर्डेल, होझियाची गाडी नुसतीच उभी आहे ना?"

"उभी आहे. मीही नुसतीच उभी आहे. दोघींना राहू द्या तशाच."

"खलाशांच्या केंद्रात गाडी चालवायला माणूस हवाय. आठवड्यातून दोनच दिवस."

दोनाचे पाच दिवस कधी झाले ते त्यांनाही कळलं नाही.

तेव्हा जहाजं थांबायची. दोन दिवस, कधी तीन. दुपारी आमचं केंद्र भरून जायचं. ग्रीक, ब्रह्मी, पोलिश, युक्रेनचे, हिंदुस्थानातले. मिस व्हर्डेल माणूस पाहून ओळखायच्या की याला बूट हवेत, याची दाढ दुखतेय, याला घरून वाईट बातमी आलीय. बिनस्वेटरचा कुणी दिसला की रागवायच्या. बरीचशी पोरं त्यांना "ममा" म्हणायला बघायची. ते त्या चालू द्यायच्या नाहीत. "मी कुणाची ममा नाही. मिस व्हर्डेल म्हणायचं," एवढं स्पष्ट सांगायच्या.

क्रिसांतो बेलार्मिनो दोन हजार तीनच्या मार्चमध्ये आला. तो जहाजावरचा आचारी होता. सत्तेचाळीस वर्षांचा, बुटका, फिलिपिन्समधल्या ग्वीमारास नावाच्या बेटावरचा. घरी बायको रेमी आणि तीन मुलं. बरोबरचे सगळे दुकानात उतरले, हा गाडीतच बसून राहिला.

"तुला काही घ्यायचं नाही?" मिस व्हर्डेलनी विचारलं.

"नाही मॅम. तुमच्या ओळखीचं एखादं घर आहे का?"

"कसलं घर?"

"कुठलंही. मला अर्धा तास एखाद्या स्वयंपाकघरात बसायचंय. जिथे जमीन हलत नाही आणि मी कुणासाठी रांधत नाही."

होझिया गेल्यापासून त्यांच्या घरात पाळकांशिवाय कुणी आलेलं नव्हतं. "मी त्याला वेड्यात काढणार होते," त्या मला नंतर म्हणाल्या, "पण तोंडातून निघालं, चल." दुकानातल्या पोरांना दीड तासाची मुदत देऊन त्या त्याला घरी घेऊन गेल्या. रविवारचा लाल भात उरला होता. आमच्याकडे तो टोमॅटोत शिजवतात, सॉसेज घालून. त्यांनी ताट भरून पुढे ठेवलं. क्रिसांतोनं एक घास खाल्ला आणि ताटाकडे बघत राहिला.

"मॅम, भाताला काय झालं?"

"काय झालं म्हणजे?"

"लाल कशानं झाला?"

"टोमॅटोनं. तुमच्याकडे कसा असतो?"

"पांढरा. वरून ज्याला जे हवं ते घ्यायचं."

"म्हणजे तुम्ही अर्धाच शिजवून सोडून देता."

तो हसला. तीनदा वाढून घेतला. मग उठून त्यानं ताट घासलं, कढई घासली आणि ओटासुद्धा पुसून घेतला.

"काम नको म्हणून आलास ना?"

"रांधणं नको म्हणालो. धुणं वेगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राची कुलपं काढताना मिस व्हर्डेल मला म्हणाल्या, "काल माझ्या घरी एक माणूस जेवला." नळ दुरुस्त झाला असं सांगावं तशा आवाजात.

क्रिसांतोची कंपनी त्याला पुन्हा पुन्हा याच मार्गावर पाठवायची. जहाजं बदलायची, फेरी तीच. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा तो सव्हानाला यायचा. जेवणाच्या दोन पाळ्यांमध्ये त्याला जो वेळ मिळे तेवढ्यात मिस व्हर्डेलच्या स्वयंपाकघरात बसून जायचा. कधी सुक्या आंब्याचं पाकीट आणायचा. त्या भरले खेकडे करून ठेवायच्या. बोलायचे काय, मला माहीत नाही. मी एकदा गेले होते तर दोघं भेंडी चिरत होते आणि रेडिओवर बेसबॉलचा सामना लागला होता, ज्यातलं दोघांनाही काही कळत नव्हतं.

चर्चमधल्या बायका विचारायच्या, "तुमचा फिलिपिनो कसा आहे?"

"माझा नाही. जहाजाचा आहे."

मी जरा जवळची, म्हणून एकदा म्हटलं, "मिस व्हर्डेल, तो यायचा असला की तुम्ही कानातले घालता."

"कानातले माझे आहेत. केव्हाही घालीन."

"मी कुठे काय म्हणतेय?"

त्यांनी व्हॅनची किल्ली बोटावर फिरवली. "डोरीन, त्याला बायको आहे. मी दमलेली बाई आहे. आम्ही भात खातो. यापलीकडे यात काही असतं तर ते मलाच आधी कळलं असतं ना?"

उत्तराची वाट न बघता त्या व्हॅनकडे गेल्या.

मग जहाजं थांबेनाशी झाली. मोठ्या क्रेन आल्या, पेट्या पटापट हलायला लागल्या, आणि धक्क्याला लागलेलं जहाज लवकरात लवकर सुटावं यावर सगळ्यांचा डोळा. तीन दिवसांचा एक दिवस झाला, दिवसाचे चौदा तास. त्यात फाटकावरची तपासणी वाढली. पास लागायचा, पिवळं जाकीट लागायचं, खलाशाला धक्क्यावर एक पाऊल एकट्यानं टाकता येईना. यादी तपासून फाटकाबाहेर पडेपर्यंत अर्धा तास जायचा. क्रिसांतोला मोकळा वेळ मिळायचा दीड तास. घरी जाऊन यायला तो पुरेना. मिस व्हर्डेल डबा भरून आणायच्या. फाटकाबाहेर एक ओकचं झाड आहे, त्याखाली व्हॅन लावून दोघं पुढच्या सीटवर बसून जेवायचे. तो डबा तिथेच पाण्याच्या बाटलीनं विसळून द्यायचा. मी खिडकीतून बघायचे. त्या घड्याळ काढून समोर ठेवायच्या आणि दोघांपैकी कुणी त्याकडे बघायचं नाही.

आमच्या केंद्रातलं पूल टेबल त्याच सुमारास कुणीतरी शाळेला देऊन टाकलं. खेळायला कुणी येत नव्हतं.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये साथ आली आणि खलाशांना उतरायला बंदी झाली. एकालाही उतरू देत नसत. क्रिसांतोचा करार त्याच महिन्यात संपत होता. त्याला घरी पाठवायला विमान नव्हतं, त्याच्या जागी यायला माणूस नव्हता. तो जहाजावरच राहिला. एप्रिल गेला, जून गेला. जहाज सव्हानाला लागलं की मिस व्हर्डेल धक्क्यावर जायच्या, जिन्याच्या पायथ्याशी पिशवी ठेवायच्या आणि वरून सोडलेल्या दोरीला बांधायच्या. आलं, मिरच्या, साबण, आणि लाल भाताचं भांडं. मग व्हॅनमध्ये बसून फोन लावायच्या. क्रिसांतो वर कठड्याशी पांढरा अॅप्रन लावून उभा असायचा. खालून वर आणि वरून खाली, असं ते फोनवर बोलायचे.

ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हाचं हे मला मिस व्हर्डेलनी सांगितलं.

"दिसतोय का मी?" त्यानं विचारलं.

"दिसतोस. वाळलायस."

"एवढ्या खालून कळतं?"

"अॅप्रनची नाडी दोन वेढे घेऊन पुढे बांधलीयस."

त्यानं नाडीला हात लावला. मग म्हणाला, "मिस व्हर्डेल, रेमी गेली."

"कुठे गेली?" त्यांनी विचारलं, आणि शब्द संपायच्या आत त्यांना कळलं.

"ऑगस्टमध्ये. चौदा तारखेला. आम्ही पनामाच्या बाहेर थांबलो होतो. पुरताना मुलीनं फोन धरला होता, मला खड्डा दिसत होता. मग रेंज गेली."

फोन दोघांच्या कानाला होता. त्या काच खाली करून वर बघत राहिल्या, पण मान इतकी मागे करून चेहरा नीट दिसत नव्हता. दहा मिनिटं गेली असतील. पहारेकरी आला, म्हणाला, "मॅम, इथे एवढा वेळ नाही थांबता येत. गाडी हलवा."

त्या परत आल्या तेव्हा व्हॅन केंद्रासमोर उभी करून आतच बसून राहिल्या. मी बाहेर गेले. त्यांनी मला सगळं सांगितलं, स्टिअरिंगवरचे हात न काढता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हणाले, भात गरम करून खा."

"बस?"

"बस. होझिया गेला तेव्हा लोक मला काय काय बोलले ते सगळं मला आठवत होतं, डोरीन. त्यातलं एकही त्याला द्यावंसं वाटलं नाही. आणि माझं स्वतःचं काही निघेना."

पुढच्या जानेवारीत क्रिसांतो स्पेनमधल्या एका बंदरात उतरला आणि विमानानं घरी गेला. कंपनीनं त्याला निवृत्त केलं. तिथून तो मिस व्हर्डेलना फोनवर आवाज भरून पाठवायचा. सुरुवातीला खूश होता. मग आवाज उतरत गेला. "मला सगळे पाहुण्यासारखं वाढतात," एकदा म्हणाला. "मुलगी विचारते, बाबा तुम्हाला काय आवडतं? मला सांगता येत नाही, आणि तिला माहीत नाही. नातवानं काल आईला विचारलं, हे आजोबा परत कधी जाणार?"

जूनमध्ये त्यानं पुन्हा एक करार केला, कुठल्याशा लहान कंपनीत. पासष्टाव्या वर्षी. मिस व्हर्डेल भडकल्या. "गुडघे गेलेत त्याचे. जिना चढताना कठड्याला धरतो. आणि निघाला परत." दोन दिवस त्यांनी उत्तर पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की त्याचं जहाज 'कॅलिस्टा बे' ऑक्टोबरात सव्हानाला लागणार आहे, आणि आता लस घेतलेल्यांना उतरू देतात. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, माझ्या ओळखीत कुणी चांगले खेकडे देणारा आहे का.

ऑक्टोबर आला, जहाजही आलं, पण धक्क्याला जागा नव्हती. त्या वर्षी सगळा देश घरी बसून वस्तू मागवत होता. बंदराच्या आवारात पेट्यांवर पेट्या चढल्या होत्या, ट्रक दिवस दिवस उभे होते, आणि समुद्रात टायबी बेटाच्या बाहेर पंचवीस-तीस जहाजं नांगर टाकून पाळीची वाट बघत होती. कॅलिस्टा बे त्यांच्यातलं एक.

टायबीचा किनारा शहरापासून अर्ध्या तासावर. मिस व्हर्डेल दुपारची फेरी आटोपून रोज तिथे जायला लागल्या. जहाजावर खलाशांना थोडा वेळ इंटरनेट मिळायचं, त्याची पाळी साडेतीनला असायची. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी घडीची खुर्ची वाळूत मांडली. डोक्याला चर्चची टोपी, पायांत बूट तसेच.

"बूट काढा की," मी म्हटलं. "वाळू जाईल आत."

"जाऊ दे." त्या पाण्याकडे बघत होत्या. "इथे मी तेरा वर्षांची असताना आले होते, ठाऊक आहे? तेव्हा हा किनारा गोऱ्यांचा, आम्हा काळ्यांना बंदी. आत्याचा लायनेल आणि त्याचे सोबती मुद्दाम पाण्यात उतरले होते. मी रस्त्यावर उभी राहून त्यांचे कपडे धरले होते. पोलिसांनी त्यांना ओल्या अंगानं गाडीत कोंबलं. लायनेलची पँट माझ्या हातातच राहिली."

"आणि नंतर?"

"नंतर कायदा बदलला. सगळे यायला लागले. मी नाही आले. तेव्हा मी त्यांना नको होते, मग आता कशाला जा?"

साडेतीनला फोन वाजला.

"आम्ही डावीकडून चौथे," क्रिसांतो म्हणाला.

"तुझ्या डावीकडून की माझ्या?"

"तुमच्या."

"माझ्या चौथ्यावर निळा पट्टा आहे."

"आमच्यावर पट्टा नाही."

"मग पाचवं असेल."

"चालेल," तो म्हणाला. "पाचवं."

तेव्हापासून त्या रोज त्या पाचव्या जहाजाकडे तोंड करून बसायच्या. भरती-ओहोटीला जहाजं नांगराभोवती फिरतात, तर त्या खुर्ची फिरवून घ्यायच्या. केंद्रातल्या संगणकावर कुठलं जहाज कुठे आहे त्याचा नकाशा दिसतो. मी पाहिलं. कॅलिस्टा बे किनाऱ्यापासून अठरा मैल बाहेर होतं. टायबीवरून ते दिसणंच शक्य नव्हतं. पाचवं जहाज दुसऱ्याच कुणाचं होतं, त्यावर दुसरेच खलाशी. मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला ते कळत असणारच. त्यानंही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला. कंपनीला आणखी थांबायचं नव्हतं. सव्हाना गाळून जहाज संध्याकाळी उत्तरेला नॉरफोककडे निघणार होतं. इथल्या पेट्या तिथे उतरवून ट्रकनं आणणार.

"नॉरफोक आठ तास आहे," मी म्हटलं. "उद्या निघू. मी चालवते."

"आणि तिथे फाटकावर काय सांगू? माझा पास इथला आहे." त्या जाकीट घालत होत्या. "शिवाय तिथेही त्याला किती वेळ मिळणार? चाळीस मिनिटं? चाळीस मिनिटांसाठी एवढ्या लांब गेले तर दोघांनाही बोलायची भीती वाटेल."

दुपारी मी त्यांना टायबीला घेऊन गेले. वारा होता. किनाऱ्यावर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, बाकी कुणी नव्हतं. फोन आला. आधी दोघं हवेबद्दल बोलले, मग त्याच्या गुडघ्याबद्दल. मी लांब जाऊन उभी राहिले, पण फोन स्पीकरवर होता आणि वारा माझ्याच बाजूला वाहत होता.

"क्रिस," मिस व्हर्डेल म्हणाल्या, "रेमी भात कसा करायची?"

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"तुला सांगायचं नसेल तर राहू दे."

"नाही, सांगतो." त्याचा आवाज बारीक येत होता. "ती पाणी मोजायची नाही. बोट बुडवायची. पहिल्या पेरापर्यंत. मी आचारी, मी तिला सांगायचो, असं नाही चालत, कधी जास्त होईल. कधीच झालं नाही. तळाशी थोडा लागू द्यायची मुद्दाम. लागलेला भात मुलांना आवडायचा. पण मी घरी असलो की तो मला मिळायचा. मुलं रडायची."

तो बोलत राहिला. केळीचं पान भांड्याच्या तळाला घालायची, पावसाळ्यात चुलीचा धूर कुठल्या खिडकीतून जायचा, लग्नाच्या आधी ती कुठल्या दुकानात बसायची. मिस व्हर्डेल मधूनमधून "मग?" एवढंच म्हणत होत्या. पंधरा मिनिटं झाली असतील. एका वाक्याच्या मध्येच आवाज तुटला. त्यांनी दोन-तीनदा "क्रिस" म्हणून हाक मारली आणि फोन मांडीवर ठेवला. समोरचं पाचवं जहाज होतं तिथेच होतं. त्या अंधार पडायला लागेपर्यंत बसल्या. मी शेजारी वाळूत बसले. परतीच्या वाटेवर, दलदलीवरचा रस्ता ओलांडताना, म्हणाल्या, "गेल्या वर्षी मी तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं."

त्यानंतर क्रिसांतो सव्हानाला आला नाही. करार पुरा करून तो एप्रिलमध्ये घरी गेला आणि गुडघ्यांमुळे तिथेच राहिला. दर रविवारी निरोप पाठवतो, दोन-तीन मिनिटांचा. तेवीस साली मिस व्हर्डेलची नजर कमी झाली आणि त्यांनी व्हॅनची किल्ली माझ्या काउंटरवर आणून ठेवली. आता दुसरा माणूस गाडी चालवतो. नदी आणखी खोल केली आहे, पूर्वी कधी पाहिली नव्हती एवढी मोठी जहाजं येतात. कधी कधी व्हॅन धक्क्यावर जाऊन रिकामी परत येते. कुणाला उतरायला वेळ नसतो. मिस व्हर्डेलच्या गल्लीत आता त्यांचं आणि समोरच्या, आमच्याच चर्चमधल्या म्हाताऱ्या ब्रदर टुसांचं अशी दोनच घरं राहिली आहेत, आणि ब्रदर टुसांना ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी मी सूप घेऊन गेले. दार उघडंच होतं. मिस व्हर्डेल टेबलाशी एकट्या जेवत बसल्या होत्या. फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला होता आणि त्यातून भांड्यांचा आवाज येत होता. कोंबड्या, एक लहान मूल, कुणी बाई काहीतरी ओरडतेय, मग पाणी.

"कुणाचा फोन आहे? मी नंतर येऊ?"

"फोन नाही. गेल्या रविवारचा निरोप आहे. बोलून झाल्यावर बंद करायला विसरला. पंचेचाळीस मिनिटांचा झालाय." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस. बोललीस तरी चालेल."

मी बसले. फोनमधून क्रिसांतोचा आवाज आला, त्यांच्या भाषेत, कुणाला तरी काहीतरी समजावत होता. मग हसला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मला काय कळणार? त्यांची भाषा आहे." त्यांनी ताटातला भात एका बाजूला ओढला आणि कान जरा पुढे केला. "पण भांडी तोच घासतोय, नळ ऐक. मघापासून चालूच आहे."